किनारींची गोधडी, मूळ जिल्हा मिर्झापूर

कापडाची किनार टाकायची की ठेवायची, या एका प्रश्नावर लतिकाबाई टिकेकरांचा संसार एकेचाळीस वर्षं टिकला.

किनार म्हणजे साडीचा जरीकाठ नव्हे हो. मीटरवर कापड घेतलं की दोन्ही कडांना बोटभर जाड पट्टी असते बघा, बारीक भोकं पडलेली, कधी मिलचं नाव छापलेलं, कधी रंगांचे ठिपके ओळीने बसलेले. शिंपी सगळ्यात आधी तिलाच कापतो आणि पायाखाली टाकतो. लतिकाबाई ती उचलायच्या. भुसावळला उचलली, झाशीला उचलली, गोरखपूरला उचलली. मधुकरराव रेल्वेत इंजिनिअर. दर बदलीला सामानाची यादी स्वतः करायचे आणि 'चिंध्या' या शब्दाशी आले की पेन खाली ठेवायचे.

"हे टाकायचं."

"नाही टाकायचं. कापडातला सगळ्यात मजबूत भाग असतो तो."

"रूळ पण मजबूत असतात. म्हणून घरात आणतो का आपण?"

मग लतिकाबाई थाप मारायच्या. त्यांच्या मिरजेच्या आत्यानं किनारींचा दोर वळून विहिरीत पडलेला बैल एकटीनं वर ओढला होता, वगैरे. यावर दुसरा एखादा नवरा 'पुरे' म्हणाला असता. मधुकरराव चष्मा पुसून विचारायचे, "बैल किती किलोचा? विहीर किती खोल? आत्या किती किलोची?" तिसऱ्या प्रश्नाला आत्या बैलासकट विहिरीत पडायची आणि दोघं पोट धरून हसायची. किनारी मात्र ट्रकमध्ये चढायच्याच. लोडाच्या खोळीत भरून. नऊ वर्षं मधुकरराव त्या लोडाला टेकून म्हणायचे, "टाकल्यास ना चिंध्या? घर बघ कसं मोकळं वाटतंय."

दोन हिवाळ्यांपूर्वी मधुकरराव गेले. लखनऊला, अलीगंजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मागे राहिल्या लतिकाबाई, किनारींची सहा पोती, आणि भांडायला कोणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, भांडायला माणूस शोधणं यात काय अवघड? तर लखनऊत ते अवघड आहे. इथे म्हाताऱ्या बाईला कोणी 'नाही' म्हणत नाही. 'जी' म्हणतात. लतिकाबाईंनी भाजीवाल्या भैयाला सांगून पाहिलं की आमच्या लहानपणी वांगी शिडी लावून उतरवायचो. तो म्हणाला, "जी अम्मा, पहले हर चीज बड़ी होती थी." समोरच्या फ्लॅटमधल्या कल्पना श्रीवास्तवला सांगितलं की सकाळी गोमतीत देवमासा दिसला. कल्पना म्हणाली, "हाय आंटीजी! फोटो लिया?" बेंगळुरूची लेक वेदिका दर रविवारी फोन करायची. म्हाताऱ्या माणसांना विरोध करू नये असं तिने कुठेतरी वाचलं होतं, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला "आई, तुला बरं वाटेल तसं." मागून नातू अनीश ओरडायचा, "नानी, आप बिलकुल सही हो, बाय!"

शेवटी त्या भिंतीवरच्या मधुकररावांशी बोलल्या. फोटोही हसतमुख, तोही कबूल. त्या माणसाचा इतका गप्प चेहरा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

अशात डिसेंबरमध्ये त्या ब्लाउज शिवायला टाकायला नफीस मास्टरांकडे गेल्या. कपूरथला चौराह्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. माणूस साठीचा, सुईसारखा बारीक, बोलणं मलईसारखं. मास्टरांनी कापड पसरलं, कचकच किनार कापली आणि खाली सोडली. लतिकाबाई वाकल्या.

"रख दीजिए आंटीजी, कूड़ा है."

लतिकाबाई वाकलेल्याच राहिल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी असहमत झालं होतं.

"कूडा? किसको कूडा बोलते, मास्टर? पूरे कपडे में सबसे मजबूत येही रहता है."

"इसी लिए तो कूड़ा है. इतनी कसी हुई बुनावट है कि किसी की सुनती नहीं. कमीज में लगा दीजिए, पहली धुलाई में कमीज मुँह फुला लेगी. आंटीजी, कन्नी कपड़े की चौकीदार है. चौकीदार को दूल्हे की शेरवानी में नहीं बिठाते."

किनारीला तिकडे कन्नी म्हणतात. लतिकाबाई त्या दिवशी घरी आल्या त्या गाणं गुणगुणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, हूक बदलायचं निमित्त काढून. तिसऱ्या दिवशी निमित्त काढायचंही विसरल्या. रोज अकराला स्टुलावर बसायचं आणि भांडायचं. किनार उसवत नाही, म्हणून ती ठेवावी. किनार आकसते, म्हणून ती टाकावी. किनारीवर मिलचं नाव असतं, म्हणून जपावी. "नाम तो आंटीजी सीमेंट की बोरी पर भी होता है." डिसेंबरचं ते धुकं, गल्लीतला तो चहा, आणि समोर तोंड वर करून 'नहीं' म्हणणारा माणूस. लतिकाबाईंचं वजन एक किलोनं वाढलं.

आता हे असंच चाललं असतं तर काही बिघडलं नसतं. पण एका बुधवारी मास्टरांचा मुद्दा इतका बिनतोड निघाला की लतिकाबाईंकडे उत्तरच नव्हतं. उत्तर नसलं की त्या काय करायच्या ते तुम्हाला माहीतच आहे.

"हमारे मिरज में," त्या म्हणाल्या, "तीन सौ साल से किनारी की गोधडी बनाते हैं. किनारी की ही. लडकी की शादी में देते हैं. एक बार दुश्मन का हाथी आया, तो औरतों ने रस्ते पे गोधडी बिछाई. हाथी फिसल के वापस गया."

आणि वाट बघत बसल्या. आता मास्टर विचारणार, हत्तीचं वजन किती? गोधडी केवढी?

मास्टरांनी कात्री खाली ठेवली. हात जोडले. "परंपरा है? तीन सौ बरस की? तब तो हमसे गुस्ताखी हुई, आंटीजी."

गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट. आणि नेमकी त्याच वेळी दाराशी साडीला फॉल लावायला आलेली कल्पना श्रीवास्तव उभी. तिचे डोळे हत्तीएवढे झाले होते.

"आंटीजी! आपने कभी बताया नहीं!"

दुसऱ्या दिवशी अकराला लतिकाबाई गेल्या तर किनारींचा गठ्ठा रिबीन बांधून तयार. मास्टरांनी तो दोन्ही हातांनी दिला आणि स्वतः उठून उभे राहिले. चहा मागवला. किनारीबद्दल एक अक्षर नाही. लतिकाबाईंनी मुद्दाम छेडलं, "मजबूत रहती है ना किनारी?"

"जी," नफीस मास्टर म्हणाले.

त्या 'जी'चा घाव कोणाला सांगायचा?

इकडे कल्पनानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. दुपारी तीनला लतिकाबाईंकडे बायका जमायला लागल्या. पहिल्या दिवशी पाच, आठवड्याभरात चौदा, त्यात छावणीतून एका मेजरची बायको स्कूटीवर. सहा पोत्यांची तोंडं सुटली. जुन्या साड्यांच्या थरावर किनारी ओळीनं लावायच्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत यायचं, एवढं लतिकाबाईंनी शिकवलं. घर भरलं, बेल वाजायला लागली, गच्चीवरून खुर्च्या आल्या. एकट्या बाईला आणखी काय हवं?

पण त्या चौदाजणी बोलायच्या नाहीत हो, लिहून घ्यायच्या. लतिकाबाई शिंकल्या तरी वहीत. कोणीतरी तोंड वर करावं म्हणून लतिकाबाईंनी थापेची पातळी वाढवली. म्हणाल्या, दोरा आधी ताकात बुडवायचा असतो. दुसऱ्या दिवशी चौदा वाट्या ताक आलं. पाचव्या दिवशी जिन्यात सेक्टरमधली सगळी मांजरं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं नोटीस लावली की जिन्यात मांजरं पाळण्यास मनाई आहे, तर बायका त्याच्याशी भांडून आल्या. "हेरिटेज है भाईसाहब!" म्हणजे भांडणसुद्धा झालं, आणि तेही लतिकाबाईंना वगळून.

कल्पनाचा नवरा राजेश एका सरकारी कचेरीत होता. त्याला कागद दिसला की उत्साह चढायचा. सरकारी शिल्पमेळ्यात, म्हणजे हस्तकलेच्या जत्रेत, स्टॉल मिळतो म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर अर्ज उघडला आणि दोघं लतिकाबाईंच्या डायनिंग टेबलाशी बसले.

"शिल्प का नाम: किनारी गोधडी. कितनी पुरानी: तीन सौ वर्ष. मूल जनपद..." राजेश थांबला. "आंटीजी, लिस्ट में सिर्फ यूपी के जिले हैं. मिरज नहीं आ रहा."

"मग राहू दे ना, भैया," लतिकाबाई आशेनं म्हणाल्या.

"खाली छोड़ो तो आगे नहीं बढ़ता. मिर्ज़ापुर कर दें? शुरू में तो मेल खा ही रहा है."

पुढचा रकाना होता, 'परंपरा का प्रमाण, तीन प्रतियों में'. लतिकाबाई म्हणाल्या, प्रमाण माझ्या डोक्यात आहे. राजेशनं त्यांच्या डोक्याचे तीन पासपोर्ट फोटो जोडले. अर्ज मंजूर झाला. आठ दिवसांनी मिर्झापूरहून कोणा अधिकाऱ्याचा फोन आला. तो बिचारा दुखावला होता. "मैडम, हमारे जिले की कला, और हमीं को खबर नहीं? बारह महिलाओं का बैच भेजें सीखने?" लतिकाबाई म्हणाल्या, भेजो मत, इधर बिल्लियाँ बहोत हैं. तो म्हणाला, "जी, जैसा आप ठीक समझें."

मग स्टॉल पक्का होण्याआधी तपासणीला माणूस यायचा होता. आला तो धनंजय म्हेत्रे नावाचा तरुण अधिकारी, केंद्राच्या नोकरीतला, वर्षभरापूर्वी बदलून आलेला. बायकोमुलं तिकडेच. दारातच त्यानं पाटी वाचली आणि मराठीत म्हणाला, "काकू, मी मिरजेचाच. मार्केटजवळ घर आमचं."

चौदाजणींना काही कळलं नाही. लतिकाबाईंनी मात्र हातातली पोह्यांची बशी घाईघाईनं त्याच्यापुढे केली. आता सगळं संपलं. चारचौघांत अब्रू जाणार. आणि गंमत बघा, भीतीच्या खाली कुठेतरी त्यांना आनंदाची उकळीही फुटत होती. सापडलो! आला बाबा एकदाचा कोणीतरी!

धनंजय गोधडीशी बसला. किनारींवरून हात फिरवला.

"काकू, आमच्या आजीकडे होती. अगदी अशीच."

"अशीच?" लतिकाबाई म्हणाल्या. "नीट आठवा हं."

"अशीच. मी हिच्यावर झोपलोय."

"अहो, किनारींची नसेल. साध्या धडप्यांची असेल. सगळ्यांकडे असते तशी."

"नाही काकू, किनारींचीच," धनंजय म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. "वर्षभरात इथे कोणाशी मराठी बोललो नव्हतो. कांदा घातलाय ना पोह्यांत? अजून आहेत?"

दोन बश्या पोहे खाऊन, शिक्का मारून, पाया पडून तो गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लतिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एकच बशी तीनदा घासत उभ्या राहिल्या. थाप एकटीनं मारता येते. पण ती थाप आहे हे जगात दुसऱ्या कोणालाच माहीत नसलं तर हसायचं कोणाबरोबर? बाहेर चौदाजणी होत्या, तरी घर इतकं रिकामं त्यांना आधी कधी वाटलं नव्हतं.

मेळ्याला चार दिवस राहिले आणि गोधडी पुरी झाली. सात फूट बाय पाच फूट. दिसायला झकास, ते कबूल करायलाच हवं. हजार मिलांची नावं आणि लाल-निळ्या ठिपक्यांच्या रांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर गोधडी जागेवर नाही.

"धुलने गई है, आंटीजी," कल्पना म्हणाली. तिच्या सासरी चिकनचं काम चालायचं. चिकनमध्ये कापडावर आधी निळे ठसे छापतात, त्यावर भरतकाम करतात आणि मग माल धोब्याकडे जातो. ठसे गेले की काम पुरं. धुतल्याशिवाय माल दाखवणं म्हणजे न्हाल्याशिवाय नवरी दाखवणं. "तीन पानी में उबालकर देगा. हमारा खास आदमी है."

लतिकाबाई खुर्चीत बसल्या. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी त्यांनी मधुकररावांनाही कधी सांगितली नव्हती. एकेचाळीस वर्षं त्यांनी किनारी जपल्या. शिवली त्यातली एकही नव्हती. किनार आकसते असं मास्टर सांगायचे, पण ते खरं की भांडणापुरतं, याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोधडी ई-रिक्शातून आली. धोब्याशेजारी सीटवर बसून आली, ताठ. किनारी आकसल्या होत्या, खालच्या साड्या होत्या तशाच होत्या, आणि दोघींच्या ओढाताणीत चारी कडा वर उठून मधे हा एवढा खळगा पडला होता. धोब्यानं ती जमिनीवर ठेवली. ती उभी राहिली. "हम बैठाते हैं, ये फिर उठ जाती है," तो जरा घाबरूनच म्हणाला आणि निघून गेला.

चौघींनी चार कोपरे धरून ओढले. सोडल्यावर गोधडी टुणकन पुन्हा परात झाली. एक मांजर आत जाऊन बसलं. राजेश अर्ज हातात घेऊन म्हणाला, "इसमें तो सात बाई पाँच लिखा है." आणि मग कल्पना, जिनं महिनाभर ताकात बोटं बुडवली होती, ती हळूच म्हणाली, "आंटीजी, मिरज में ऐसी ही बनती होगी न? बीच में गहरी? बच्चे को सुलाने के लिए?"

"हाँ हाँ, बच्चे के लिए," बाकीच्या म्हणाल्या. वह्या उघडल्या.

लतिकाबाईंना रडू यायचंच बाकी राहिलं. आता परात झाली तरी ह्या बायका 'जी'च म्हणणार होत्या.

तेवढ्यात कोणीतरी बोलावलं म्हणून नफीस मास्टर आपली जड इस्त्री घेऊन जिना चढून आले. गोधडीभोवती एक फेरी मारली. मांजराला बाहेर काढलं. उलटी केली, सुलटी केली, कडेला कान लावून ऐकल्यासारखं केलं. इस्त्री तापायला लावली. दीड महिना गप्प बसलेला माणूस. गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाले, "आंटीजी, गुस्ताखी माफ. एक बात पूछें?"

"पूछो."

"तीन सौ बरस में... एक बार भी धुली नहीं?"

"मास्टरजी!" कल्पना दबक्या आवाजात ओरडली. लतिकाबाईंनी पदर खोचला.

"धुली ना. क्यों नहीं धुली?"

"तो सिकुड़ी होगी."

"सिकुडी."

"फिर सीधी कैसे करते थे?"

"घोडे लगाते थे. चार कोने को चार घोडे."

"कोने तो खिंच गए," मास्टरांनी खळग्यावर बोट ठेवलं. "और ये बीच का गड्ढा?"

लतिकाबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. खळग्यासाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की उचकी लागली. कोणीतरी पाणी आणलं, कोणीतरी पाठ चोळली, कोणीतरी डॉक्टरांना फोन लावायला निघालं.

"अगं, काही नाही झालं मला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "कल्पना, सब झूठ है, बेटा. मिरज में नहीं है, मिर्ज़ापुर में नहीं है. ऐसी गोधडी दुनिया में ये एकच है, और ये भी गोधडी नहीं है."

"ताक?" मेजरीणबाईंनी विचारलं.

"ताक पण."

कल्पनानं वही मिटली. लखनऊची माणसं रागावतात तीसुद्धा हळू आवाजात. एकीला गॅसवरचं दूध आठवलं, एकीला मुलाची ट्यूशन. प्रत्येक जण दारात वळून "नमस्ते आंटीजी" म्हणाली आणि खाली उतरली. राजेश शेवटी गेला. अर्ज मागे घ्यायचा तर तोही तीन प्रतींत, आणि मिर्झापूरच्या सहीनं. कल्पना आणखी महिनाभर तरी लतिकाबाईंशी फक्त दुधाच्या पिशवीपुरतं बोलणार होती, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं.

चौदा खुर्च्या आणि एक परात. उन्हं बाल्कनीतून निघून गेली. नफीस मास्टर इस्त्री तापली होती म्हणून थांबले होते. पाणी शिंपडत, दाब देत ते गोधडीच्या एका कडेशी झटापट करत राहिले.

"हमने पहले ही कहा था, कूड़ा है. नाड़ा बनाइए, झोले का पट्टा बनाइए, जो जी चाहे बनाइए. रजाई नहीं बनती कन्नी की."

"तुम्हारे कू नहीं बनती. इस्त्री में दम नहीं तुम्हारे."

"इस्त्री में? बाईस साल पुरानी इस्त्री है, आंटीजी. नुक्स कन्नी में है."

"कन्नी में कुछ नुक्स नहीं." लतिकाबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मैंने पूरा बताया किधर? चार घोडे थे ना, मास्टर, उसमें का एक बीमार था. इसी लिए गड्ढा पडता था."

नफीस मास्टरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, चौदातली एक खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "कौन-सा?"